डायनासोरने घेतलेली हवाच आपण घेतो का? एका श्वासाचा हिशोब



"तुमच्या प्रत्येक श्वासात ज्युलियस सीझरच्या शेवटच्या श्वासातला एक तरी रेणू असतो." हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे वाचलं असेल. ते हवेतून आलेलं नाही. जेम्स जीन्स या भौतिकशास्त्रज्ञाने १९४० साली वायूंच्या गतिज सिद्धान्तावरच्या पुस्तकात जवळपास याच अर्थाचं उदाहरण दिलं होतं. पुढे त्याच्या बऱ्याच आवृत्त्या निघाल्या. कुणी सीझरच्या जागी बुद्धाला बसवलं, कुणी लिओनार्दोला, कुणी थेट डायनासोरला.

आज आपण डायनासोरचीच आवृत्ती घेऊ, कारण ती सगळ्यात अवघड आहे. सीझरला जाऊन दोन हजार वर्षं झाली, डायनासोरांना ६ कोटी ६० लाख. एवढ्या काळात हवेचं काय काय झालं असेल, हे तपासल्याशिवाय "हो" म्हणता येत नाही आणि "नाही"ही म्हणता येत नाही.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी यात वेळ का घालवावा? कारण पीएचडीच्या मुलाखतीत समोरचे लोक पाठांतर तपासत नाहीत. मोठा, ढोबळ दावा तुमच्यासमोर ठेवला तर तुम्ही त्याचे तुकडे कसे पाडता, हे ते बघतात. या एका प्रश्नात अंदाज बांधणं, गृहीतकं ओळखणं आणि आपलं उत्तर कितपत डळमळतं ते तपासणं, या तिन्ही गोष्टी येतात. आकडेमोड अकरावी-बारावीच्या पातळीची आहे. कागद-पेन घेऊन बसलात तर जास्त मजा येईल.

पहिली पायरी: प्रश्न नीट मांडा

"तीच हवा" म्हणजे काय? याचे निदान दोन अर्थ होतात.

एक, तोच रेणू. म्हणजे नायट्रोजनचे जे दोन अणू तेव्हा एकमेकांना धरून होते, तेच दोन आजही एकमेकांना धरून आहेत.

दोन, तोच अणू. अणू जुनाच, पण मधल्या काळात त्याने जोडीदार बदलले. तो कधी पाण्यात गेला, कधी पानात गेला, मग परत हवेत आला.

फुगडीचं उदाहरण घ्या. दोन मुलींची जोडी फुगडी घालते आहे. तासाभराने तुम्ही परत आलात तर त्याच मुली अंगणात असतील, पण जोड्या बदललेल्या असतील. "मुली त्याच आहेत का?" आणि "जोडी तीच आहे का?" हे दोन वेगळे प्रश्न झाले. वाद होतो तो बहुतेक वेळा हे दोन प्रश्न एकात मिसळल्यामुळे.

दुसरी पायरी: श्वासात किती, वातावरणात किती

शांत बसलेला प्रौढ माणूस एका श्वासात साधारण अर्धा लिटर हवा घेतो. शरीराच्या तापमानाला एक मोल वायू साधारण २५ लिटर जागा व्यापतो. म्हणजे एक श्वास ०.०२ मोल. त्याला ॲव्होगॅड्रो संख्येने, म्हणजे ६.०२ × १०^२३ ने गुणलं की एका श्वासातले रेणू मिळतात: सुमारे १.२ × १०^२२. (१०^२२ म्हणजे एकावर बावीस शून्यं.)

आता वातावरण. ते तोलायला तराजू लागत नाही, बॅरोमीटर पुरतो. हवेचा दाब म्हणजे डोक्यावरच्या हवेचं वजन. दाबाला गुरुत्वत्वरणाने भागलं की प्रत्येक चौरस मीटरवर साधारण १० टन हवा आहे असं उत्तर येतं. पृथ्वीचं क्षेत्रफळ सुमारे ५.१ × १०^१४ चौरस मीटर. गुणाकार केला आणि डोंगर-पठारांमुळे थोडी वजाबाकी केली की वातावरणाचं वस्तुमान येतं: ५.१ × १०^१८ किलो. हवेचं सरासरी मोलर वस्तुमान २९ ग्रॅम, म्हणून एकूण मोल सुमारे १.८ × १०^२० आणि एकूण रेणू सुमारे १.१ × १०^४४.

या दोन आकड्यांतली गंमत बघा. १०^२२ चा वर्ग १०^४४. म्हणजे एका श्वासात जेवढे रेणू आहेत, साधारण तेवढेच श्वास सगळ्या वातावरणात आहेत. एक जुना श्वास सगळ्या वातावरणात सारखा पसरला तर आजच्या एका श्वासात त्यातले किती रेणू येतील?

(१.२ × १०^२२) × (१.२ × १०^२२) ÷ (१.१ × १०^४४) = सुमारे १.३

सरासरी १.३. हा शब्द नीट धरून ठेवा, *सरासरी*. प्रत्येक श्वासात एक असतोच असं नाही. कधी शून्य, कधी एक, कधी तीन. पॉयसाँ वितरण लावलं तर निदान एक रेणू असण्याची शक्यता १ − ई^(−१.३), म्हणजे सुमारे ७३ टक्के येते. "प्रत्येक श्वासात नक्की एक" आणि "चारातल्या तीन श्वासांत निदान एक" यांत फरक आहे. मुलाखतीत तो बोलून दाखवलात तर समोरचा माणूस खुर्चीत सरळ होऊन बसेल.

पण थांबा. या हिशोबात आपण दोन गोष्टी गृहीत धरून पुढे आलो: हवा पूर्ण मिसळली आणि रेणू टिकला. दोन्ही वेगवेगळ्या तपासू.

गृहीतक एक: हवा खरंच मिसळते का?

याला फार वेळ लागत नाही. पश्चिमेकडून वाहणारे वारे काही आठवड्यांत पृथ्वीला फेरी घालतात. उत्तर आणि दक्षिण गोलार्धातली हवा एकमेकांत मिसळायला साधारण एक वर्ष लागतं, वरच्या स्थितांबराचं धरलं तर काही वर्षं.

याचा पुरावा काय? गेल्या शतकात माणसाने नकळत एक मोठा प्रयोगच केला. १९५० आणि ६० च्या दशकांत बहुतेक अणुचाचण्या उत्तर गोलार्धात झाल्या. त्यांतून हवेत कार्बन-१४ सुटला आणि १९६३ च्या सुमारास उत्तरेकडे त्याचं प्रमाण जवळपास दुप्पट झालं. दक्षिण गोलार्धातही वाढ दिसली, पण थोड्या उशिराने. एक-दोन वर्षांत दोन्हीकडचे आकडे जवळ यायला लागले. हवेला रंग लावून सोडल्यासारखंच झालं हे.

आपल्या भागातलं उदाहरण हवं असेल तर मोसमी वारा आहेच. जूनमध्ये आपल्याकडे पाऊस आणणारा वारा दक्षिण गोलार्धात निघून, विषुववृत्त ओलांडून येतो. गोव्यात काणकोण तालुक्यात काब दे राम इथे १९९३ पासून काही वर्षं हवेचे नमुने बाटल्यांत भरून तपासले गेले. ही जागा निवडण्यामागे हेच कारण होतं. पावसाळ्यात तिथे दूर समुद्रावरून आलेली दक्षिणेची हवा मिळते आणि हिवाळ्यात भारतीय उपखंडावरून वाहत आलेली. एकाच कड्यावर उभं राहून दोन प्रदेशांची हवा मोजता येते.

मिसळायला वर्षं लागतात आणि आपल्याकडे कोट्यवधी वर्षं आहेत, त्यामुळे हे गृहीतक पक्कं. एक अपवाद मात्र सांगायला हवा. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेले हवेचे बुडबुडे या मिसळण्यातून सुटले. डोम सी इथल्या बर्फाच्या गाभ्यात ८ लाख वर्षांपर्यंतची हवा सापडली आहे. तिथली हवा खऱ्या अर्थाने जुनी, बंद डब्यात ठेवल्यासारखी. पण ती एकूण वातावरणाच्या मानाने इतकी थोडी आहे की आपला हिशोब बदलत नाही.

गृहीतक दोन: रेणू टिकतो का?

खरी गोम इथे आहे. आणि इथे "हवा" हा शब्दच सोडून द्यावा लागतो, कारण हवा म्हणजे मिश्रण: ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन, ०.९३ टक्के आरगॉन आणि बाकी थोडंथोडं. प्रत्येक वायूचा स्वभाव वेगळा.

मोजण्यासाठी माठाचं चित्र डोळ्यांसमोर आणा. माठात शंभर पेले पाणी आहे. रोज एक पेला काढायचा, एक पेला नवीन पाणी घालायचं आणि ढवळायचं. पातळी तेवढीच राहते, पण जुनं पाणी कमी होत जातं. शंभर दिवसांनी जुनं पाणी संपलेलं नसतं. सुमारे ३७ टक्के उरलेलं असतं, कारण आपण काढलेल्या पेल्यात नवीन पाणीही जात असतं. एकूण साठा भागिले रोजची उचल म्हणजे मुक्कामाचा सरासरी काळ, ज्याला रेसिडेन्स टाइम म्हणतात. त्याला ट म्हणू. 'क' इतका काळ गेल्यावर उरलेला जुना भाग ई^(−क/ट). पुढचा सगळा लेख या एका सूत्रावर चालतो.

*ऑक्सिजन.* हवेत साधारण ३.७ × १०^१९ मोल ऑक्सिजन आहे. जमिनीवरच्या आणि समुद्रातल्या वनस्पती मिळून वर्षाला २ ते ३ × १०^१६ मोलच्या घरात नवीन ऑक्सिजन सोडतात आणि श्वसन, कुजणं, जळणं यांत जवळपास तेवढाच खर्च होतो. भागाकार केला की मुक्काम येतो हजार ते दोन हजार वर्षांचा. दीड हजार धरू.

६ कोटी ६० लाख वर्षांत हा माठ ४४ हजार वेळा पालटला. ई^(−४४०००) म्हणजे शून्यच, त्याला दुसरा शब्द नाही. डायनासोरने घेतलेला ऑक्सिजनचा एकही रेणू आज जोडी सांभाळून राहिलेला नाही.

ते अणू गेले कुठे? इथे पुष्कळजण चुकतात. आपण घेतलेला ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो असं वाटतं. प्रत्यक्षात पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियामध्ये तो हायड्रोजनशी जोडला जाऊन *पाणी* होतो. आणि झाडं जो ऑक्सिजन सोडतात तो कार्बन डायऑक्साइडमधला नसतो, तो पाण्यातला असतो. हे १९४१ साली रूबेन, केमेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑक्सिजन-१८ हा जड समस्थानिक पाण्यात घालून दाखवलं. म्हणजे चक्र असं आहे: हवा → पाणी → हवा. आणि पाण्याचा साठा म्हणजे समुद्र. समुद्रात ऑक्सिजनचे अणू हवेच्या सुमारे हजारपट आहेत. त्यामुळे डायनासोरच्या श्वासातले अणू आता बहुतेक समुद्रात पसरले आहेत. ते हवेत कमी आणि तुमच्या तांब्यातल्या पाण्यात जास्त भेटतील.

*नायट्रोजन.* याची जोडी फार घट्ट. तिहेरी बंध तोडायला मोलमागे सुमारे ९४५ किलोज्यूल ऊर्जा लागते. निसर्गात हे काम विजा थोडंसं करतात, बाकी जिवाणू करतात. तूर-हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींमध्ये जे चालतं तेच. जमीन आणि समुद्र मिळून नैसर्गिक स्थिरीकरण वर्षाला साधारण २० कोटी टन नायट्रोजनच्या आसपास. हवेत नायट्रोजन आहे ३.९ × १०^१५ टन. म्हणजे मुक्काम सुमारे २ कोटी वर्षं.

आता ६.६ भागिले २ बरोबर ३.३ आणि ई^(−३.३) म्हणजे सुमारे ३.७ टक्के. म्हणजे डायनासोरच्या काळातल्या नायट्रोजनच्या शंभर जोड्यांपैकी तीन-चार अजून सुटलेल्या नाहीत!

*आरगॉन.* याचं कुणाशीच जमत नाही, त्यामुळे तुटण्याचा प्रश्नच येत नाही. तो एकटा अणू म्हणूनच फिरतो आणि अवकाशात निसटून जाण्याइतका हलका नाही. म्हणून तर तो इतका उशिरा सापडला. हवेतून मिळवलेला नायट्रोजन रासायनिक क्रियेतून मिळवलेल्या नायट्रोजनपेक्षा जेमतेम अर्धा टक्का जड भरतो, हे लॉर्ड रॅली यांच्या लक्षात आलं. त्या अर्ध्या टक्क्याला "मोजण्यातली चूक" म्हणून त्यांनी सोडून दिलं नाही. १८९४ मध्ये रॅली आणि विल्यम रॅम्झी यांनी आरगॉन जाहीर केला.

हवेतला जवळपास सगळा आरगॉन खडकांमधल्या पोटॅशियम-४० च्या किरणोत्सारी ऱ्हासातून आलेला आहे आणि आजही थोडा थोडा येतो आहे. बर्फाच्या गाभ्यांतल्या हवेवरून २००८ साली हा वेग मोजला गेला: वर्षाला सुमारे १.१ × १०^८ मोल. गेल्या ६.६ कोटी वर्षांत याच वेगाने भर पडली असं धरलं तर ती ७.३ × १०^१५ मोल होते. हवेतला एकूण आरगॉन १.७ × १०^१८ मोल. म्हणजे नवी भर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. आज आपण घेतो त्यातला साडेनव्याण्णव टक्के आरगॉन डायनासोरांच्या काळातही याच हवेत होता.

उत्तर किती डळमळतं?

हा भाग वगळून पुढे जाऊ नका. नुसता आकडा काढणं आणि संशोधन करणं यातला फरक इथेच आहे.

नायट्रोजनचा मुक्काम मी २ कोटी वर्षं धरला. तो १ कोटी असता तर? उरलेला भाग ०.१४ टक्के. ३ कोटी असता तर? ११ टक्के. गृहीतक तिप्पट बदललं तर उत्तर जवळपास ऐंशी पटीने हललं. आता ऑक्सिजनचं बघा. मुक्काम पाचशे वर्षं धरा नाहीतर पाच हजार, उत्तर शून्यच. आरगॉनची भर दुप्पट धरली तरी नव्याण्णव टक्के जुनाच राहतो.

म्हणजे आपल्या तीन निष्कर्षांपैकी दोन पक्के आहेत आणि एक नाजूक. नायट्रोजनबद्दल "काही टक्के" एवढंच म्हणावं. "३.७ टक्के" असं दशांशासकट छातीठोकपणे सांगू नये. सिनॉप्सिस लिहिताना हाच प्रश्न स्वतःला विचारा: माझं कोणतं गृहीतक थोडं हललं तर निष्कर्ष कोसळेल? त्याच गृहीतकावर जास्त मेहनत घ्यायची.

आपला चंद्रपूरचा डायनासोर

आता एक खरा प्राणी घेऊ. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावला १९८० च्या दशकात एका मोठ्या शाकाहारी डायनासोरची हाडं मिळाली. जैन आणि बंदोपाध्याय यांनी १९९७ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. पुढे २००३ मध्ये त्याला 'इसिसॉरस' हे नाव मिळालं. त्यातलं 'इसि' म्हणजे आय.एस.आय., कोलकात्याची इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट. क्रिटेशियस काळाच्या अखेरीस, दख्खनचा लाव्हा वाहत होता त्या सुमारास, हा प्राणी इथे फिरत होता. तेव्हा आपला भूभाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता.

त्याने आयुष्यभरात किती हवा घेतली? फुप्फुसं जीवाश्मात मिळत नाहीत, म्हणून सरळ अंदाज धरू: एका श्वासात १०० लिटर, मिनिटाला ५ श्वास, ३० वर्षं आयुष्य. गुणाकार साधारण ८ × १०^९ लिटर, म्हणजे ३.२ × १०^८ मोल. वातावरणाच्या एकूण मोलांनी भागलं तर १.८ × १०^−१२. एक लाख कोटी रेणूंमागे दोनसुद्धा नाहीत. वाटा किती क्षुल्लक! पण तुमच्या एका श्वासात १.२ × १०^२२ रेणू आहेत. गुणून बघा: सुमारे २ × १०^१०, म्हणजे दोन हजार कोटी.

आता हे वायूंमध्ये वाटू:

– आरगॉन: ०.९३ टक्के, म्हणजे सुमारे २० कोटी अणू. हे जवळपास सगळे टिकले.
– नायट्रोजन: ७८ टक्के, म्हणजे सुमारे १,६०० कोटी जोड्या. त्यातल्या काही टक्के टिकल्या, सुमारे ६० कोटी.
– ऑक्सिजन: जोडी म्हणून शून्य. सुटे अणू समुद्रभर पसरले हे धरून हिशोब केला तर जास्तीत जास्त ऐंशी-पंच्याऐंशी लाख, आणि खडकांशी होणारी देवाणघेवाण धरली तर त्याहून कमी.

माझे १०० लिटर दहापटीने चुकले असं धरलं, तरी उत्तर कोटींतच राहतं. तेव्हा "एका डायनासोरच्या आयुष्यभराच्या हवेतलं काही माझ्या या श्वासात आहे का?" याचं उत्तर आहे हो, कोट्यवधी कण.

मात्र "त्याच्या एका ठरावीक श्वासातलं?" असं विचारलं तर चित्र बदलतं. माणसाएवढ्याच अर्ध्या लिटरचा एक जुना श्वास घेतला आणि फक्त आरगॉन मोजला, तर आपल्या श्वासात सरासरी ०.०१२ अणू येतो. म्हणजे ऐंशी-एक श्वासांत एकदा. दिवसाला आपण साधारण २० हजार श्वास घेतो, म्हणजे रोज अडीचशे वेळा.

आणि सगळे डायनासोर मिळून?

त्यांची संख्या माहीत नसली तरी उत्तर काढता येतं. संशोधनात ही युक्ती फार उपयोगी पडते. संख्या शोधत बसण्याऐवजी मर्यादा घालायची.

आज आपण ८०० कोटी माणसं आहोत आणि प्रत्येकी दिवसाला १० हजार लिटर हवा घेतो. या वेगाने वातावरणाइतकी हवा आपल्या सगळ्यांच्या फुप्फुसांतून जायला सुमारे दीड लाख वर्षं लागतील. आता मुद्दाम कंजूषपणा करू. जगभरचे सगळे डायनासोर मिळून आजच्या मानवजातीच्या फक्त शंभराव्या भागाइतकी हवा घेत होते असं धरू. मग एका फेरीला दीड कोटी वर्षं. पण डायनासोर पृथ्वीवर होते सुमारे १६ कोटी वर्षं. म्हणजे अकरा फेऱ्या. एखादा आरगॉनचा अणू या अकराही फेऱ्यांतून सुटण्याची शक्यता ई^(−११), म्हणजे दहा लाखांत पंधरा-सतरा.

थोडक्यात, तुम्ही आत्ता घेतलेला आरगॉन जवळजवळ सगळाच कधी ना कधी कुठल्यातरी डायनासोरच्या फुप्फुसात जाऊन आलेला आहे. इतकं कंजूष गृहीतक घेऊनही.

"तोच" अणू ओळखायचा कसा?

भौतिकशास्त्राचा विद्यार्थी इथे हात वर करेल: एकाच प्रकारचे दोन अणू तर तंतोतंत सारखे. सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ मध्ये प्रकाशकणांची मोजणी केली ती हीच गोष्ट धरून, की कणांवर नंबर लिहिलेले नसतात. मग "तोच" या शब्दाला अर्थ काय?

हवेच्या बाबतीत अर्थ आहे. साध्या तापमानाला नायट्रोजनच्या रेणूची औष्णिक तरंगलांबी सुमारे ०.०२ नॅनोमीटर आणि दोन रेणूंमधलं सरासरी अंतर तीन नॅनोमीटरहून जास्त. रेणू एकमेकांत 'विरघळण्याइतके' जवळ नाहीत, त्यामुळे निदान तत्त्वतः प्रत्येकाचा मार्ग मागे शोधता येईल. प्रत्यक्षात तसं कुणी करत नाही. म्हणून आपलं विधान हे अमुक एका अणूबद्दलचं नसतं, ते समूहाबद्दलचं असतं. "किती असतील" हे सांगता येतं, "कोणता" हे नाही.

हा हिशोब कुठे कामाला येतो

मुक्कामाच्या काळाबद्दलचा एक गैरसमज आज खरोखर नुकसान करतो आहे, म्हणून तो इथेच मिटवू.

हवेत आज कार्बन डायऑक्साइडच्या रूपात साधारण ८८० अब्ज टन कार्बन आहे. वनस्पती आणि समुद्र मिळून दरवर्षी सुमारे २०० अब्ज टन घेतात आणि जवळपास तेवढाच परत देतात. भागाकार केला तर मुक्काम जेमतेम साडेचार वर्षं. यावरून काहीजण म्हणतात, "कार्बन डायऑक्साइड चार-पाच वर्षांत निघून जातो, मग तापमानवाढीची एवढी ओरड कशाला?"

घोटाळा कळला? रेणू *बदलला* जाणं वेगळं आणि साठा *कमी* होणं वेगळं. बँकेच्या तिजोरीतल्या नोटा रोज बदलतात, पण तुमच्या खात्यातली शिल्लक त्यामुळे कमी होत नाही. कोळसा जाळून सोडलेला अमुक एक रेणू काही वर्षांत समुद्रात जाईल, पण त्याच्या बदल्यात दुसरा बाहेर येईल. वाढलेली शिल्लक उतरायला शतकं लागतात आणि तिचा काही भाग हजारो वर्षं राहतो. भागाकार बरोबर आहे, पण तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. असे लोक तुम्हाला सेमिनारमध्ये भेटतील, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर नक्कीच. त्यांना आकडा खोटा आहे असं सांगू नका, कारण तो खोटा नाही. त्यांनी कोणता प्रश्न सोडवला आणि कोणता सुटायचा राहिला, ते दाखवा.

नायट्रोजनच्या माठालाही आता आपण मोठी चावी बसवली आहे. युरियाच्या गोणीतला नायट्रोजन हवेतूनच घेतलेला असतो. हेबर-बॉश प्रक्रियेने कारखान्यांत वर्षाला दहा कोटी टनांहून जास्त नायट्रोजनच्या जोड्या तोडल्या जातात, म्हणजे निसर्गाच्या निम्म्याहून अधिक. डायनासोरच्या काळापासून टिकून असलेली एखादी जोडी विदर्भातल्या कपाशीच्या शेतात खत म्हणून पडत असेल. हवेतला नायट्रोजन यामुळे संपणार नाही. प्रश्न आहे तो तुटलेल्या नायट्रोजनचा. तो विहिरींत नायट्रेट म्हणून उतरतो आणि हवेत नायट्रस ऑक्साइड म्हणून जातो.

जाता जाता

मूळ प्रश्नाचं उत्तर आता एका वाक्यात देता येतं: डायनासोरच्या हवेतला आरगॉन आपण जवळपास जसाच्या तसा घेतो, नायट्रोजनच्या थोड्या जोड्या टिकून आहेत आणि ऑक्सिजनची जोडी एकही नाही, अणू मात्र समुद्राच्या पाण्यात मिसळलेले आहेत. "हो की नाही" असा प्रश्न विचारला होता, पण उत्तर वायूगणिक वेगळं निघालं. चांगल्या प्रश्नांचं बहुतेक वेळा असंच होतं.

गृहपाठ म्हणून दोन गोष्टी करून बघा. एक, शिवकाळातला, म्हणजे साधारण ३५० वर्षांपूर्वीचा ऑक्सिजन घ्या. मुक्काम दीड हजार वर्षं धरून किती टक्के जोड्या अजून शाबूत आहेत ते काढा. उत्तर ऐंशी टक्क्यांच्या जवळ यायला हवं. दोन, हवेतल्या पाण्याच्या वाफेचा मुक्काम साधारण नऊ दिवसांचा असतो. मग "मिसळून जाते" हे आपलं पहिलं गृहीतक वाफेला लागू होईल का? उत्तर लिहिण्याआधी गोलार्ध मिसळायला किती वेळ लागतो ते वर परत एकदा वाचा.